घरचा फाइल सर्व्हर : कुठल्या क्रमाने लावायचा आणि नेमकं कुठे चुकतं

एक जुना कॉम्प्युटर, त्यात मोठी हार्ड डिस्क आणि घरातल्या सगळ्यांच्या फाइल एकाच जागी. हे काम एका सुट्टीच्या दिवसात होण्यासारखं आहे. तरीही महिन्याभराने बघावं तर कुणाकडे शेअर (म्हणजे नेटवर्कवर वाटलेला फोल्डर) उघडत नाही, कुणाकडे उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, आणि शेवटी वैतागून सगळ्या फोल्डरांना ‘कुणीही काहीही करा’ अशी परवानगी देऊन टाकलेली असते. अशी बरीच घरं मी पाहिली आहेत. सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच निघाला. चुकलेला असायचा तो क्रम. लोक आधी शेअर बनवतात, मग युजर, पत्ता पक्का करायचा राहूनच जातो, आणि बॅकअप आठवतो तो डिस्क खरखरायला लागल्यावर.

खालचे टप्पे ओपनमीडियाव्हॉल्ट धरून लिहिले आहेत. ही प्रणाली मोफत आहे, डेबियन लिनक्सवर उभी आहे आणि तिची जवळजवळ सगळी कामं ब्राउझरमधून होतात. फाइल वाटण्याचं प्रत्यक्ष काम आतमध्ये सांबा नावाचं सॉफ्टवेअर करतं, आणि त्याची एसएमबी ही भाषा विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांना कळते. तुमच्याकडे विकत घेतलेली तयार नॅसची पेटी (नेटवर्कवर फाइल ठेवण्यासाठीच बनवलेलं उपकरण) असेल तर टप्पा १ सोडा. पुढचं सगळं तसंच लागू पडतं, फक्त मेन्यूंची नावं बदलतील.

## तयारी : मशीनला हात लावण्याआधी

सगळ्यात आधी कागद घ्या. डाव्या बाजूला एकाखाली एक फोल्डर लिहा: फोटो, कागदपत्रं, सिनेमे, शाळेचं काम, जे असेल ते. वर आडव्या ओळीत घरातल्या माणसांची नावं. मग प्रत्येक चौकटीत तीनपैकी एकच शब्द लिहा: ‘लिहिता येईल’, ‘फक्त बघता येईल’ किंवा ‘काही नाही’. दहा मिनिटांचं काम आहे. पण पुढे टप्पा ५ आणि ६ मध्ये हाच कागद स्क्रीनवर उतरवायचा आहे. ज्यांनी हा कागद केला नाही, त्यांच्याच घरी परवानग्यांचा गुंता झालेला मी पाहिला.

मशीन. ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला कुठलाही कॉम्प्युटर घरगुती वापराला पुरून उरतो. दोन वेगळ्या डिस्क मात्र हव्यातच: सिस्टीमसाठी एक छोटी एसएसडी आणि डेटासाठी मोठी हार्ड डिस्क. ओपनमीडियाव्हॉल्ट ज्या डिस्कवर बसतं ती अख्खी आपल्याकडे घेतं, त्यामुळे ‘एकाच डिस्कचे दोन भाग करू’ हा बेत सोडून द्या. सिस्टीम पेन ड्राइव्हवर टाकण्याचा मोहही टाळा. सतत होणाऱ्या लिखाणाने पेन ड्राइव्ह लवकर मरतो.

जुना लॅपटॉप वापरणार असाल तर आधी तो उलटा करून बॅटरीची बाजू बोटाने चाचपा. जरा जरी फुगवटा लागला तरी ती बॅटरी काढल्याशिवाय मशीन चालू करू नका. दिवसरात्र चार्जरवर राहणाऱ्या फुगलेल्या बॅटरीला आग लागू शकते. आणखी एक गोष्ट: झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप झोपतात आणि सर्व्हर गायब होतो. ती सेटिंग बदलता येते, पण सुरुवातीला झाकण उघडंच ठेवा.

वीज. सर्व्हर चोवीस तास चालतो हे लक्षात घ्या. सरासरी ५० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप दिवसाला १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६ युनिट जाळतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून ठेवा, त्याचा इथे काही उपयोग नाही. फक्त आधी खात्री करा की कार्ड काढल्यावर मदरबोर्डच्या स्वतःच्या डिस्प्ले पोर्टवर चित्र येतं, नाहीतर बसवताना स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

केबल. सर्व्हर राउटरला केबलनेच जोडा, वायफायने नाही. बाकीची उपकरणं खुशाल वायफायवर राहू द्या. केबलबद्दल एक अनुभव इथेच सांगतो, कारण ही अडचण डोळ्यांना दिसत नाही. मावसभावाच्या घरी सगळं नीट लागलं होतं, पण ६०० जीबी फोटो कॉपी करताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. राउटर गिगाबिटचा (म्हणजे १००० मेगाबिटचा), कॉम्प्युटर गिगाबिटचा, डिस्क नवी. दोन संध्याकाळी सेटिंग चाळण्यात गेल्या. शेवटी केबलचं टोक उजेडात धरलं तेव्हा कळलं: पारदर्शक प्लगच्या आत आठऐवजी चारच तारा होत्या. चार तारांवर १०० मेगाबिटच चालतं. केबल बदलली आणि वेग ११० एमबीच्या आसपास गेला. पंधरा तासांचं काम दीड तासावर आलं.

तपासा : प्लगच्या आत आठही रंगांच्या तारा दिसतात का? केबलच्या अंगावर कॅट ५ई किंवा त्यापुढचं काही छापलेलं आहे का? राउटरचं पोर्ट गिगाबिटचं आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा.

## टप्पा १ : सिस्टीम बसवणं

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ओपनमीडियाव्हॉल्टच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (बसवण्याची अख्खी प्रणाली एकाच फाइलमध्ये) उतरवा आणि रुफस किंवा बालेना एचर या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल.

२. डेटाची डिस्क काढून ठेवा. तिची केबल मदरबोर्डवरून उपटून बाजूला ठेवा. बसवताना प्रणाली विचारते की कुठल्या डिस्कवर बसू, आणि त्या यादीत चुकीच्या ओळीवर एंटर दाबलं की परतीचा रस्ता नाही. डिस्क जोडलेलीच नसेल तर ती चूक होणारच नाही.

३. राउटरची केबल मात्र आत्ताच जोडा. नेटवर्क बसवतानाच ओळखलं जातं.

४. बायोसमध्ये (मशीन चालू होताच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला सांगा. तिथे गेलाच आहात तर आणखी एक सेटिंग बदला: वीज जाऊन परत आल्यावर मशीनने आपोआप चालू व्हावं. बहुतेक बायोसमध्ये ती पॉवरच्या पानावर असते. हे राहिलं तर दरवेळी वीज गेल्यावर कुणीतरी उठून बटण दाबायला लागेल.

५. विचारेल तिथे सर्व्हरला छोटं नाव द्या. इंग्रजी लहान अक्षरं, मध्ये जागा नको. रूटचा (सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड विचारेल तो कागदावर लिहून ठेवा. हा रोज लागत नाही, म्हणूनच हटकून विसरला जातो.

६. संपल्यावर पेन ड्राइव्ह काढा, मशीन परत सुरू करा. काळ्या स्क्रीनवर लॉगइनच्या वर सर्व्हरचा पत्ता दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.३७. तो टिपून घ्या.

पत्ता दिसत नसेल किंवा विचित्र दिसत असेल तर तिथेच रूट म्हणून लॉगइन करून ‘ओएमव्ही-फर्स्टएड’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या. नेटवर्क नव्याने लावणं, ब्राउझरचा विसरलेला पासवर्ड बदलणं, अशी अडीनडीची कामं तिच्यातून होतात. पुन्हा सगळं बसवायला घेण्याआधी ही एकदा चालवून बघा.

## टप्पा २ : पत्ता पक्का करणं

हा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं. राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता उसना देतो. चार दिवसांनी राउटर बंद-चालू झाला की सर्व्हरला ३७ ऐवजी ४२ मिळतो, आणि घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर जोडलेला शेअर एकदम मरतो.

उपाय राउटरमध्येच आहे. त्याच्या पानावर डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) भागात पत्ता राखून ठेवायची सोय असते. तिथे जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून सर्व्हर निवडा आणि लक्षात राहील असा पत्ता त्याच्या नावावर करा. पुढे मी १९२.१६८.१.५० धरतो. मग सर्व्हर एकदा बंद-चालू करा.

हेच काम सर्व्हरच्या आत पत्ता भरूनही होतं. पण मग तो पत्ता राउटर ज्या आकड्यांच्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा असायला हवा, नाहीतर एक दिवस तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला मिळेल आणि दोघंही अडतील. राउटरमध्ये राखून ठेवणं सोपं आणि कमी चुकीचं.

इशारा : घरात दोन राउटर असतील, एक इंटरनेट कंपनीने दिलेला आणि एक तुम्ही आणलेला, तर दोघंही आपापलं वेगळं नेटवर्क चालवत असण्याची शक्यता बरीच आहे. एका खोलीतल्या फोनचा पत्ता १९२.१६८.०.काहीतरी आणि दुसऱ्या खोलीतल्याचा १९२.१६८.१.काहीतरी असेल, तर हाच प्रकार आहे. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच नेटवर्क पुढे नेईल. तसंच पाहुण्यांसाठीच्या वायफायवरून सर्व्हर दिसत नाही. तो तसा दिसू नये हेच बरोबर आहे.

## टप्पा ३ : ब्राउझरमधून पहिला प्रवेश

दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. युजरनेम ‘ॲडमिन’, पासवर्ड ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’, दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत. आत गेल्यावर कोपऱ्यातल्या युजरच्या चिन्हातून हा पासवर्ड लगेच बदला, कारण तो साऱ्या जगाला माहीत आहे. मग सिस्टीम मेन्यूत जाऊन तारीख-वेळेचा विभाग बरोबर करा आणि सगळे अपडेट चढवून घ्या. अपडेटनंतर एकदा रीस्टार्ट.

इथे एक सवय लावून घ्या, नाहीतर पुढचा प्रत्येक टप्पा फसेल. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये ‘सेव्ह’ दाबल्याने बदल लागू होत नाही. सेव्ह केल्यावर वर एक पिवळी पट्टी येते, तिच्यावरच्या बरोबरच्या खुणेवर टिचकी मारली की मगच बदल लागू होतो. युजर बनवला, शेअर बनवला, सगळं बरोबर भरलं आणि तरी काही चालत नाही, अशा वेळी आधी वर बघा. पिवळी पट्टी तशीच वाट बघत बसलेली असते.

## टप्पा ४ : डिस्क

सर्व्हर बंद करा, डेटाची डिस्क जोडा, परत चालू करा. स्टोरेज मेन्यूत डिस्क्सच्या पानावर ती दिसेल.

हा एकच टप्पा असा आहे जिथली चूक दुरुस्त होत नाही, म्हणून इथे थांबून वाचा. यादीत डिस्कला ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी नावं दिसतात. ही नावं डिस्कची नाहीत. ती त्या-त्या वेळी सापडलेल्या क्रमाची आहेत आणि रीस्टार्टनंतर बदलू शकतात. माझ्या एका मित्राकडे दोन टीबीच्या दोन डिस्क होत्या, एक कोरी, एक फोटोंची. आदल्या रात्री त्याने कागदावर लिहिलं होतं की कोरी ती ‘एसडीसी’. सकाळी त्याने जोडलेला पेन ड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं आणि ‘एसडीसी’ पुसली. अक्षरं एका घराने सरकली होती. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो त्या डिस्कवर होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

म्हणून डिस्क ओळखायची ती तिच्या अंगावर छापलेल्या सीरियल नंबरने. तोच नंबर डिस्क्सच्या पानावरही दिसतो. शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचून जुळवा. आणि डेटा असलेली कुठलीही दुसरी डिस्क या टप्प्यात मशीनला जोडलेली असू देऊ नका.

१. आधी डिस्कची तब्येत बघा. स्मार्टच्या (डिस्क स्वतःची तब्येत नोंदवते त्या सोयीच्या) पानावर त्या डिस्कसाठी स्मार्ट सुरू करा आणि लांब चाचणी चालवा. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, रात्रभर चालू ठेवा. बदललेले (रीॲलोकेटेड) सेक्टर आणि अडकलेले (पेंडिंग) सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले छोटे तुकडे, हे दोन आकडे शून्य हवेत. अडकलेले सेक्टर शून्यापेक्षा जास्त असतील तर ती डिस्क डेटासाठी वापरू नका, कितीही नवी दिसत असली तरी.

२. नंबर जुळवून मगच डिस्क पुसा.

३. फाइल सिस्टिम्सच्या पानावर ईएक्सटी४ निवडून नवी फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत; ईएक्सटी४ ही लिनक्सची) तयार करा आणि माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडा.

‘माझी डिस्क विंडोजमधली आहे, तशीच लावली तर?’ हा प्रश्न हमखास येतो. तशी लावू नका. विंडोजच्या एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या नीट बसत नाहीत आणि फॅट३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल राहतच नाही. डेटा आधी दुसरीकडे काढा, डिस्क ईएक्सटी४ करा, मग डेटा परत आणा.

डेटासाठी दोन डिस्क आहेत म्हणून लगेच रेड (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय) लावायला जाऊ नका. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. घरात दुसऱ्या डिस्कचा सगळ्यात चांगला उपयोग बॅकअपसाठी आहे. तो टप्पा ९ मध्ये येतो.

## टप्पा ५ : युजर

आता तो कागद काढा. युजर्सच्या पानावर प्रत्येक माणसासाठी एक युजर बनवा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत. ‘घर’ नावाचा एकच युजर सगळ्यांसाठी करणं सोपं वाटतं, पण मग कुणी काय पुसलं हे कधीच कळणार नाही आणि मुलांना फक्त बघता येईल असं काही ठेवता येणार नाही. टीव्हीसाठीही वेगळा युजर करा, त्याला लिहिण्याची गरज नसते.

इशारा : ‘ॲडमिन’ हा युजर फक्त ब्राउझरमधल्या नियंत्रणासाठी आहे. त्या नावाने शेअर उघडण्याचा प्रयत्न करू नका.

## टप्पा ६ : फोल्डर, परवानग्या, मग शेअर

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि याच क्रमाने करायच्या.

आधी फोल्डर. स्टोरेजमध्ये शेअर्ड फोल्डर्सच्या पानावर कागदावरचा प्रत्येक फोल्डर तयार करा. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न ठेवता. आतल्या फाइलींची नावं खुशाल मराठीत ठेवा. बनवताना मूळ परवानगी विचारली जाते, तिथे ‘ॲडमिनिस्ट्रेटर आणि युजर यांना वाचन-लेखन, बाकीच्यांना काही नाही’ असा पर्याय घ्या.

मग परवानग्या. फोल्डर निवडून परमिशन्स उघडा आणि कागदावरच्या चौकटी तशाच्या तशा भरा. प्रत्येक नावासमोर तीनपैकी एक खूण हवीच. जागा रिकामी ठेवली म्हणजे त्या माणसाला बंदी, असं समजू नका. बंदी हवी असेल तर बंदीची खूण करा.

शेजारीच एसीएलचं पान आहे. त्याला हात लावू नका. परवानग्यांचा तो दुसरा, खालचा थर आहे. वरच्या थरात काही चालत नाही म्हणून लोक खालच्या थरात खुणा करतात, मग दोन थर एकमेकांना छेद देतात आणि कुठली खूण लागू आहे हे सांगता येईनासं होतं. घरगुती वापराला वरचा थर पुरतो.

शेवटी शेअर. सर्व्हिसेसमध्ये एसएमबीच्या सेटिंगमध्ये जाऊन सेवा चालू करा, मग शेअर्सच्या पानावर एकेक फोल्डर जोडा. तिथे तीन गोष्टी बघा:

- ‘पब्लिक’ समोर ‘नो’ ठेवा. विंडोजच्या नव्या आवृत्त्या पासवर्डविना पाहुणा म्हणून शेअर उघडायला नकार देऊ लागल्या आहेत, त्यामुळे पब्लिक ठेवून सोय होण्याऐवजी अडचणच होते.
- रीसायकल बिन चालू करा. नेटवर्कवरची फाइल विंडोजमधून पुसली की ती तुमच्या कॉम्प्युटरच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. हे पुष्कळांना फाइल गेल्यावरच कळतं. इथली खूण केली की पुसलेली फाइल सर्व्हरवरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहते. ती किती दिवस ठेवायची तेही इथेच भरा. मी ३० दिवस ठेवतो.
- एसएमबी१ चालू करू नका. एखादा जुना टीव्ही किंवा स्कॅनर तेवढंच मागत असेल तर त्याच्यासाठी दुसरी सोय बघा. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने याच जुन्या आवृत्तीतल्या फटीतून प्रवेश केला होता.

पिवळी पट्टी, बरोबरची खूण. मगच पुढे.

## टप्पा ७ : उपकरणं जोडणं

विंडोज. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.५० असं इंग्रजी आकड्यांत टाइप करून एंटर दाबा. ‘नेटवर्क’च्या यादीत सर्व्हर दिसण्याची वाट बघू नका. त्या यादीत न दिसणारा सर्व्हरही पत्त्याने व्यवस्थित उघडतो. उघडला की फोल्डरवर उजवी टिचकी मारून त्याला ड्राइव्हचं अक्षर द्या.

पासवर्डच्या खिडकीत विंडोज स्वतःहून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचं नाव पुढे करतं आणि पुष्कळ लोक तिथे कॉम्प्युटर उघडण्याचा पिन टाकतात. दोन्ही चुकीचं. ‘दुसरं खातं वापरा’ निवडा आणि टप्पा ५ मध्ये बनवलेलं नाव-पासवर्ड टाका.

एकदा चुकीच्या नावाने आत गेलात की दुसरी अडचण येते. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. नाव बदलायला गेलात की एकापेक्षा जास्त युजरनेमने जोडता येत नाही असं सांगून अडवतं. कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून त्या सर्व्हरची नोंद काढा, साइन आउट करून परत आत या, मग नव्या नावाने जोडा. सर्व्हरवरच्या परवानग्या या कारणासाठी उकरू नका, त्या बरोबरच आहेत.

मॅक. फाइंडरमध्ये कमांड आणि के एकत्र दाबा, एसएमबी, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पत्ता टाका.

फोन. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये तीन टिंबांच्या मेन्यूत सर्व्हरला जोडण्याचा पर्याय आहे. अँड्रॉइडवर नेटवर्क स्टोरेजची सोय असलेला कुठलाही फाइल मॅनेजर चालतो. फोन घरच्या वायफायवर आहे ना, मोबाइल डेटावर नाही ना, एवढं आधी बघा.

## टप्पा ८ : डेटा टाकण्याआधीची परीक्षा

सर्व्हर रिकामा आहे तोवर चुका स्वस्तात निघतात. खालचं सगळं प्रत्यक्ष करा, ‘चालेलच’ म्हणून सोडू नका.

१. एका कॉम्प्युटरवरून फाइल टाका, दुसऱ्यावरून उघडा, बदल करून सेव्ह करा, परत पहिल्यावर बघा.

२. ज्याला फक्त बघता यायला हवं त्याच्या नावाने फाइल पुसून बघा. नकार मिळायला हवा. ज्याला बंदी आहे त्याच्या नावाने फोल्डर उघडून बघा. इथे अपयश हेच यश आहे.

३. एक फाइल मुद्दाम पुसा आणि सर्व्हरवरच्या लपलेल्या फोल्डरमधून परत आणा.

४. चार-पाच जीबीची एकच मोठी फाइल केबलवरच्या कॉम्प्युटरवरून कॉपी करून वेग बघा. हजारो छोट्या फाइल कॉपी करताना वेग नेहमीच पडतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. ११-१२ एमबीवर अडकलं तर केबल किंवा पोर्ट, ३०-४० वर अडकलं आणि डिस्क यूएसबीवर असेल तर ती २.० च्या पोर्टला लागली आहे. वायफायवर आकडा कमी येणारच.

५. सर्व्हर आणि राउटर दोन्ही बंद करून परत चालू करा. काहीही हात न लावता सगळे शेअर उघडायला हवेत.

आता डेटा आणा. कॉपी करा, कट करू नका. मध्येच वीज गेली तर कट केलेली फाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी अडकू शकते. कॉपी संपल्यावर मूळ आणि नव्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा. संख्येत दोन-चारचा फरक आला तर बहुधा विंडोज आणि मॅकच्या लपलेल्या फाइली असतात. तरीही कुठल्या ते बघून घ्या. सगळं जुळलं तरी मूळ डेटा अजून पुसायचा नाही.

## टप्पा ९ : बॅकअप

आत्तापर्यंत सगळं झालं असेल तर तुमच्याकडे डेटाची एक चांगली जागा आहे. जागा एकच, आणि ती डिस्क कधीतरी मरणारच.

दुसरी डिस्क यूएसबीने जोडा. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये यूएसबी बॅकअपचं प्लगइन आहे. डिस्क जोडली की ठरवलेले फोल्डर आपोआप तिच्यावर उतरतात. नाहीतर आरसिंकचं (फक्त बदललेल्या फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम ठराविक वेळेला लावा. मूळ जागी पुसलेलं बॅकअपवरूनही पुसायचं का, असा एक पर्याय त्यात असतो. सुरुवातीला तो बंद ठेवा. जागा जास्त लागेल, पण महिन्यापूर्वी चुकून गेलेला फोल्डर सापडेल.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क विजेच्या एका झटक्यात सर्व्हरबरोबरच जाते. सगळ्यात मोलाच्या फोल्डरची आणखी एक प्रत घराबाहेर, भावाबहिणीकडे किंवा कूटबद्ध करून क्लाउडवर ठेवा.

तपासा : बॅकअपच्या डिस्कवरून तीन फाइल परत आणून उघडा. एक फोटो, एक कागदपत्र, एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून. हे झालं की मगच मूळ जागचा डेटा पुसायला हरकत नाही.

## बाहेरून बघायचं असेल तर

राउटरमध्ये ४४५ नंबरचं पोर्ट (एसएमबीचं दार) इंटरनेटसाठी कधीही उघडू नका. ‘पासवर्ड चांगला आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही, कारण हल्ला पासवर्डवर नाही, पोर्टमागच्या सॉफ्टवेअरमधल्या फटीवर होऊ शकतो. बाहेरून फाइल हव्या असतील तर व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये येणारा कूटबद्ध रस्ता) लावा, वायरगार्ड हे सॉफ्टवेअर त्यासाठी चांगलं आहे. बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, तिथे वायरगार्डवरच उभं असलेलं टेलस्केल वापरता येतं.

## रोजच्या वापरात

महिन्यातून एकदा चार गोष्टी बघा: स्मार्टचे ते दोन आकडे, डिस्कवर उरलेली जागा, अपडेट, आणि शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेचा आहे. वीज वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस लावा.

आणि तयारीतला तो कागद फेकू नका. त्याच्या मागच्या बाजूला सर्व्हरचा पत्ता, दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर, बॅकअपची डिस्क कुठल्या कपाटात आहे ते आणि सर्व्हर नीट बंद कसा करायचा ते लिहा. पासवर्ड त्यावर नकोत, ते वेगळ्या जागी. कागद सर्व्हरच्या अंगावर चिकटवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो वाचून, तुम्ही मदत न करता, सर्व्हर बंद करून परत चालू करायला लावा.